विश्लेषण : ना पुळण, ना लाटा... तरीही पाठीवर पिशवी टाकून फिरणारे काम्पोटमध्ये का रेंगाळतात?

कंबोडियाच्या दक्षिण टोकाला नदीकाठी वसलेले काम्पोट हे छोटेसे गाव. समुद्र जेमतेम पाच किलोमीटरवर, पण गावाला स्वतःचा समुद्रकिनारा नाही. अंकोरसारखी जगप्रसिद्ध मंदिरे नाहीत, मोठी बाजारपेठ नाही. तरीही आग्नेय आशियात महिनोन्महिने फिरणारे तरुण इथे दोन रात्रींसाठी खोली घेतात आणि आठवडा उलटला तरी हलत नाहीत. या निवांतपणामागे काय आहे, त्यातून गावाला काय मिळते आणि तो किती काळ टिकेल?

काम्पोट नेमके कुठे?

राजधानी नॉम पेन्हपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, थायलंडच्या आखाताजवळ. तेउक छू ही नदी गावाला खेटून वाहते आणि पुढे समुद्राला मिळते. नदी म्हणायचे ते सवयीने. गावापाशी ती खरे तर खाडीच आहे. भरतीला पाणी वर चढते, ओहोटीला काठचा चिखल उघडा पडतो. पश्चिमेला हजार मीटरहून उंच बोकोरचा डोंगर, पावसाळ्यात बहुतेक वेळ ढगात. पूर्वेला पंचवीस किलोमीटरवर केप हे खेकड्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव आणि त्यापलीकडे व्हिएतनामची सीमा. मधल्या सपाट पट्ट्यात भातशेती, ताड आणि मिठागरे. कंबोडियातले जवळपास सगळे समुद्री मीठ काम्पोट आणि केप या दोनच प्रांतांत पिकते. डोंगर, खाडी, मिठागर, खेकडे, मिरीचे वेल अशी ही यादी कोकणातल्या माणसाला वाचून दाखवली तर तो गावाचे नाव विचारण्याआधी तालुका विचारेल.

गावात फ्रेंच काळातल्या पिवळट रंगाच्या दुमजली इमारती आहेत, खाली दुकान आणि वर घर अशा चिनी धर्तीच्या चाळी आहेत. एका चौकात भलामोठा सिमेंटचा दुरियन उभा आहे. दुरियन म्हणजे काटेरी, फणसाचा लांबचा नातेवाईक शोभेल असे फळ. वास असा उग्र, की या भागातली अनेक हॉटेले तो खोलीत आणू देत नाहीत. काम्पोटचा दुरियन कंबोडियात सर्वोत्तम मानला जातो, म्हणून हा मान. गावातले पत्तेही याच चौकापासून सांगितले जातात.

दिवसभर करायचे काय?

बहुतेक जण फार काही करत नाहीत, आणि तेच या गावाचे भांडवल आहे. नदीच्या वरच्या अंगाला लाकडी खांबांवर उभ्या असलेल्या झोपड्यावजा खोल्या आहेत. समोर फळ्यांचा धक्का, त्याला टांगलेले झुले, बाजूला ट्रकच्या ट्यूब. ट्यूबमध्ये बसून पाण्यावर पडून राहायचे, कंटाळा आला की झुल्यात जायचे, भूक लागली की भात मागवायचा. फारच उत्साह आला तर छोटी होडी वल्हवत पाणताडांच्या गर्दीतल्या चिंचोळ्या ओहोळात शिरायचे. दोन्ही बाजूंच्या झावळ्या डोक्यावर मिळतात, म्हणून परदेशी प्रवाशांनी त्या जागेला ‘ग्रीन कॅथेड्रल’ असे नाव दिले आहे.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास गाव नदीकाठी येते. प्रवासी बिअर घेऊन बसतात, स्थानिक कुटुंबे मुलांना फिरवायला आणतात. त्याच वेळी मासेमारी होड्या ओळीने समुद्राकडे निघतात. यातल्या बऱ्याच होड्या चाम मुस्लिमांच्या. सध्याच्या मध्य व्हिएतनाममधले चंपाचे राज्य लयाला गेल्यावर हे लोक कंबोडियात आले. मासेमारी हा त्यांच्यातल्या अनेकांचा पिढीजात धंदा. होड्या जुन्या पुलाखालून जातात. हा पूल फ्रेंचांनी बांधला, युद्धात तो मोडला आणि नंतर जमेल तसा, वेगवेगळ्या पद्धतीचे तुकडे जोडून पुन्हा उभा केला गेला. अंधार पडल्यावर काठच्या झाडांवर काजवे दिसतात. ते दाखवायला होड्या नेतात. मोटारीचा आवाज आणि मोठ्याने लावलेली गाणी नसलेली होडी मिळाली, तर या फेरीचे पैसे वसूल.

ज्यांना बसवत नाही ते स्कूटर भाड्याने घेतात. गावाच्या ईशान्येला काही किलोमीटरवर चुनखडीच्या टेकडीत नॉम छ्ङोक नावाची गुहा आहे. आत विटांचे छोटे शिवमंदिर आहे, सातव्या शतकातले, म्हणजे अंकोर वाटच्या जवळपास पाचशे वर्षे आधीचे. गुहेच्या छतातून झिरपणाऱ्या चुनखडीने त्या विटांना गाठले आहे. आपल्याकडून कंबोडियाला जाणारे बहुतेक जण अंकोर पाहून परततात, त्यामुळे हे देऊळ त्यांच्या यादीत नसते. बघायला अर्धा तास पुरतो. 

पुढे मिरीच्या मळ्यांकडे जाताना एक मोठा तलाव लागतो. प्रवासी त्याला ‘गुप्त तलाव’ म्हणतात, काठावर फोटो काढतात. हा तलाव ख्मेर रूजच्या राजवटीत वेठबिगारीने खोदून घेतलेला आहे. १९७५ ते १९७९ या काळात देशातली सुमारे १७ लाख माणसे उपासमार, श्रम आणि कत्तलींनी मेली. तिथली निवांत दुपार ज्या पाण्याकाठी जाते त्याचा हा इतिहास आहे. स्कूटर भाड्याने देणारा तो आपणहून सांगेलच असे नाही.

मिरीचे एवढे काय कौतुक?

काम्पोटचे नाव जगात कोणी ऐकले असेल तर ते मिरीमुळे. कंबोडियात मिरी जुनीच. तेराव्या शतकाच्या अखेरीस अंकोरला आलेला चिनी दूत झोउ दाग्वान याने तिची नोंद केली आहे. पण काम्पोटच्या मळ्यांना भरभराट आली ती एकोणिसाव्या शतकात, आणि तीही दूरवरच्या एका युद्धामुळे. १८७३ मध्ये सुमात्रातल्या आचे सुलतानीवर डचांनी स्वारी केली. आचे तेव्हा मिरीचे मोठे आगर होते. त्या धामधुमीत तिथले मळे उद्ध्वस्त झाले, भाव चढले आणि काम्पोटमध्ये आलेल्या हैनान बेटावरच्या चिनी शेतकऱ्यांनी लागवड वाढवली. पुढे फ्रेंच वसाहतकाळात इथली मिरी जहाजे भरून फ्रान्सला जाऊ लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्पादन हजारो टनांत होते.

मग ख्मेर रूज आले. त्यांना भात हवा होता, मिरी नको होती. मळे मोडले, शेतकरी हाकलले गेले किंवा मेले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस काही कुटुंबे परत आपल्या जमिनीवर आली आणि त्यांनी उरल्यासुरल्या वेलांच्या काड्या लावून सुरुवात केली. २०१० मध्ये काम्पोटच्या मिरीला कंबोडियात भौगोलिक मानांकन मिळाले. असे मानांकन मिळालेल्या देशातल्या अगदी पहिल्या उत्पादनांपैकी ती एक. २०१६ मध्ये युरोपीय संघानेही ते मान्य केले.

आपल्याकडे मिरीचा वेल सुपारीवर किंवा आंब्यावर चढवतात. इथे तो खांबांवर चढतो आणि लहान असताना वरून झावळ्यांची सावली करतात. पीक यायला साधारण तीन वर्षे लागतात. नियमांनुसार रासायनिक खते आणि फवारे चालत नाहीत. एकाच वेलावरून चार प्रकारची मिरी निघते. हिरवे घोस कोवळे खुडायचे आणि चार-दोन दिवसांत खायचे, दाणे उन्हात वाळवले की काळी मिरी, वेलावरच पिकू दिले की लाल, आणि पिकलेल्या दाण्याची साल भिजवून काढली की पांढरी. केपच्या बाजारात खेकडे याच हिरव्या मिरीच्या घोसांबरोबर परततात. मिरी चावली जाते, तिखट लागते, मग गोडसर. लिंबाचा रस, मीठ आणि मिरी कालवून केलेली साधी चटणी तर जवळपास प्रत्येक ताटात असते.

भावाचे गणित मुद्दाम पाहावे असे आहे. उत्पादक संघाने ठरवलेला काळ्या मिरीचा भाव किलोला सुमारे १५ डॉलर, लाल आणि पांढरीला त्याहून बराच जास्त. साधी मिरी गेल्या दशकाच्या अखेरीस जागतिक बाजारात दोन-तीन डॉलरपर्यंत घसरली होती. शेजारी व्हिएतनाम हा जगातला सर्वात मोठा मिरी उत्पादक, त्याच्याशी वजनावर स्पर्धा करून काम्पोट कधीच तगले नसते. मानांकित मिरी वर्षाला शंभर टनांच्या आगेमागे निघते, तेवढ्यात नावाचा भाव मिळतो. मळा पाहायला आलेला, तिथेच जेवलेला आणि दोन पाकिटे पिशवीत टाकून गेलेला प्रवासी हा या भावाचा मोठा आधार आहे. अर्थात नाव झाले की नक्कलही होते. मानांकनाचे चिन्ह नसलेली ‘काम्पोट मिरी’ बाजारात हवी तेवढी मिळते. रत्नागिरी हापूसच्या पेटीचा अनुभव असलेल्यांना अधिक सांगायला नको.

गाव इतके संथ राहिले कसे?

कोणी ठरवून ठेवले म्हणून नाही. काम्पोट एके काळी कंबोडियाचे मुख्य बंदर होते. फ्रेंच प्रशासनाचे ठाणे, जकात, मिरीचा व्यापार असा थाट होता. पुढे मोठी जहाजे आली आणि खाडी उथळ पडू लागली. १९५३ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर देशाने पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर खोल पाण्याचे नवे बंदर बांधले, ते म्हणजे सिहानुकव्हिल. व्यापार तिकडे गेला. काम्पोटमध्ये पिवळ्या इमारती तेवढ्या राहिल्या.

नंतरच्या यादवीत हा भाग सर्वात शेवटी शांत झालेल्यांपैकी एक. जुलै १९९४ मध्ये काम्पोट प्रांतात ख्मेर रूजच्या टोळीने नॉम पेन्हहून येणारी रेल्वेगाडी अडवली. अनेक कंबोडियन प्रवासी मारले गेले. तीन परदेशी तरुणांना ओलीस धरून डोंगरात नेले आणि पुढे ठार केले. ते तिघेही पाठीवर पिशव्या घेऊन फिरायला निघालेले. त्यानंतर कित्येक वर्षे परदेशी प्रवासी या बाजूला फिरकले नाहीत. त्याच मार्गावर प्रवासी गाडी पुन्हा धावू लागली ती २०१६ मध्ये, आणि आज नॉम पेन्ह ते काम्पोट हा प्रवास पर्यटक हौसेने रेल्वेने करतात.

म्हणजे आधी बंदर गेले, मग माणसे गेली, मग भीती राहिली. जुन्या इमारती पाडून नव्या बांधाव्यात इतका पैसाच गावात आला नाही. ज्याला आज प्रवासी जपलेला वारसा म्हणतात, त्यातला बराचसा पैशाअभावी शिल्लक राहिलेला आहे.

सिहानुकव्हिलचे काय झाले?

काम्पोटकडे प्रवासी वळण्याचे एक मोठे कारण शेजारी आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी कंबोडियाच्या किनाऱ्यावर रेंगाळायचे तर लोक सिहानुकव्हिलला जात. तिथे खऱ्या पुळणी होत्या, बांबूच्या झोपड्या होत्या, स्वस्त खोल्या होत्या. २०१७ च्या सुमारास चिनी भांडवलाचा ओघ सुरू झाला. काही डझन कॅसिनो उभे राहिले, ऑनलाइन जुगाराची कार्यालये थाटली गेली. जागांचे भाडे अनेक पटींनी वाढले. भाड्याच्या जागेत खाणावळ किंवा खोल्या चालवणाऱ्या स्थानिकांना आणि परदेशी मंडळींना मालकांनी बाहेर काढले. रस्ते खणले गेले, सांडपाणी समुद्रात गेले. जून २०१९ मध्ये बांधकाम सुरू असलेली सातमजली इमारत कोसळून २८ कामगार मेले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने ऑनलाइन जुगारावर बंदी जाहीर केली. चिनी कामगार आणि व्यावसायिक हजारोंच्या संख्येने परत गेले, पाठोपाठ करोना आला. मागे एक हजाराहून अधिक अर्धवट इमारतींचे सांगाडे उरले. झोपड्या गेल्या त्या गेल्याच. तिथले काही व्यावसायिक बिऱ्हाड उचलून काम्पोटला आले. आज काम्पोटच्या नदीकाठी असलेल्या खाणावळींमध्ये असे ‘विस्थापित’ सहज भेटतात.

प्रवासी रेंगाळला तर गावाला काय मिळते?

हा प्रश्न तसा जुना आहे. समाजशास्त्रज्ञ एरिक कोहेन यांनी १९७३ मध्येच अशा भटक्या प्रवाशांवर लिहिले आणि त्यांना ‘सुखवस्तू समाजातून निघालेले भटके’ असे म्हटले. दोन वर्षांनी ‘लोन्ली प्लॅनेट’चे आग्नेय आशियावरचे स्वस्त प्रवासाचे पुस्तक आले आणि बँकॉक, पेनांग, बालीची वाट मळून गेली. या वाटेवरच्या प्रत्येक खाणावळीत न्याहारीला केळ्याचे पॅनकेक मिळते, म्हणून तिला थट्टेने ‘बनाना पॅनकेक ट्रेल’ म्हणतात. सरकारांना हा प्रवासी कधी आवडला नाही. मळक्या कपड्यांचा, घासाघीस करणारा, दिवसाला थोडके खर्चणारा. त्यापेक्षा पंचतारांकित हॉटेलात उतरणारा बरा, असे धोरण बहुतेक देशांनी ठेवले.

मार्क हॅम्प्टन यांनी १९९८ मध्ये इंडोनेशियातल्या गिली त्रावांगान बेटाच्या अभ्यासातून आणि रेजिना शेवन्स यांनी २००२ मध्ये या समजाला धक्का दिला. त्यांचा मुद्दा साधा आहे. आलिशान हॉटेलला भांडवल बाहेरचे लागते, वातानुकूलन यंत्रे, चीज, वाइन, व्यवस्थापक सगळे बाहेरून येते आणि नफाही बाहेर जातो. तीन खोल्या आणि एक चूल असलेले घर मात्र गावातला माणूस चालवू शकतो. भाजी मंडईतली, मासळी शेजाऱ्याची, होडी मेहुण्याची.

उदाहरणादाखल, एक जण दिवसाला २५ डॉलर खर्चून १४ दिवस राहिला तर ३५० डॉलर होतात. बसने येऊन एक रात्र राहणारा १२० डॉलर खर्च करतो, त्यातला मोठा हिस्सा नॉम पेन्हच्या प्रवासी कंपनीकडे जातो. रेंगाळणाऱ्याचे पैसे शिंपी, सायकल दुरुस्तीवाला, कपडे धुणारी बाई, खाडीवरचा होडीवाला यांच्यात थोडे थोडे वाटले जातात. मालवण-तारकर्लीत न्याहारी-निवास चालवणाऱ्यांना हे गणित पाठ असेल. एका रात्रीचे पाहुणे आले की चादरी बदलण्यातच दिवस जातो, चार रात्री राहिले की घरात पैसा दिसतो.

काम्पोटजवळच्या त्रापेआंग सांग्के या मच्छीमार वस्तीने हे स्वतःच्या पद्धतीने केले आहे. त्यांनी कांदळवने पुन्हा लावली, खाडीतली मासळी राखली आणि पाहुण्यांसाठी पाण्यावर खोल्या बांधल्या. गावातले ‘एपिक आर्ट्स कॅफे’ कर्णबधिर आणि अपंग तरुण चालवतात, गिऱ्हाइकाने कागदावर किंवा खुणेने मागणी द्यायची. दोन्ही ठिकाणी प्रवाशाचा पैसा नेमका कुठे जातो ते समोर दिसते.

सगळे इतके गोड नाही. काम्पोटमधल्या बऱ्याच खोल्या, मद्यालये आणि खाणावळी पाश्चात्त्य मंडळी चालवतात. कंबोडियात परदेशी व्यक्तीला जमीन घेता येत नाही, ती भाडेकरार करते. त्यामुळे ज्या कंबोडियन कुटुंबाची नदीकाठी जमीन आहे त्याचे उखळ पांढरे होते. ज्याची नाही त्याला भांडी घासण्याचे काम मिळते आणि वाढलेली भाडी सोसावी लागतात. स्वस्तात राहायचे म्हणून खोलीच्या बदल्यात काम करणारे प्रवासी स्थानिकाचीच नोकरी खातात, आणि पर्यटक व्हिसावर ते बेकायदा आहे. अनाथाश्रमात चार दिवस ‘सेवा’ करण्याची हौस त्याहून वाईट. कंबोडियातल्या अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे पाहण्यांतून पुढे आले आहे. पाहुणे येतात म्हणून मुले गोळा केली जातात. झुल्यात पडून राहणारा आळशी प्रवासी या दोघांपेक्षा गावाला परवडतो.

बोकोरच्या डोंगरावर काय चालले आहे?

काम्पोटमधून दिसणारा हा डोंगर फ्रेंचांनी १९२० च्या दशकात थंड हवेचे ठिकाण म्हणून विकसित केला. वर जाणारा रस्ता करताना अनेक मजुरांचा बळी गेला. १९२५ मध्ये ‘बोकोर पॅलेस’ हे हॉटेल उघडले, पुढे ते ओस पडले, युद्धात त्याची मोर्च्याची जागा झाली. धुक्यातली ती भुताटकीची इमारत पाहायला बॅकपॅकर मंडळी कित्येक वर्षे जात. २००७ मध्ये डोंगराचा मोठा भाग ९९ वर्षांच्या कराराने एका कंबोडियन उद्योगसमूहाला देण्यात आला. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत २०१२ मध्ये कॅसिनो हॉटेल सुरू झाले, मागोमाग नव्या इमारतींच्या रांगा उठल्या.

ऑनलाइन फसवणुकीचे अड्डे हा आता कंबोडियाचा आंतरराष्ट्रीय प्रश्न आहे. नोकरीचे आमिष दाखवून तरुणांना आणायचे, पासपोर्ट काढून घ्यायचे आणि जगभरच्या लोकांना फसवायला बसवायचे, अशी ही पद्धत. कंबोडियात सुमारे एक लाख लोक अशा कामात जबरदस्तीने अडकले असावेत, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने २०२३ मध्ये वर्तवला होता. त्यात भारतीयही आहेत. मार्च २०२४ पर्यंत सुमारे २५० भारतीयांची सुटका करून मायदेशी आणल्याचे परराष्ट्र मंत्रालयाने सांगितले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये बोकोर डोंगराजवळ एका दक्षिण कोरियन विद्यार्थ्याचा मृतदेह सापडला. त्यावरून त्या देशात संताप उसळला आणि ऑक्टोबरमध्ये सोल सरकारने आपल्या नागरिकांना बोकोर परिसरात जाण्यास बंदी केली.

मग काम्पोट धोक्याचे आहे का? नदीकाठी राहून मिरीचे मळे पाहणाऱ्याला धोका आहे तो मुख्यतः स्कूटरचा. अड्ड्यांच्या जाळ्यात ओढले जातात ते समाजमाध्यमांवरच्या जाहिरातीतून आलेले नोकरीइच्छुक. दोन्ही गोष्टी एकाच डोंगराच्या पायथ्याशी आहेत आणि तरी एकमेकींना क्वचितच भिडतात. मात्र ‘डेटा एंट्री, महिना हजार डॉलर, तिकीट आम्ही काढू’ असा निरोप काम्पोट, सिहानुकव्हिल किंवा सीमेवरच्या एखाद्या गावाच्या नावाने आला, तर तो कुटुंबातल्या कोणालाही स्वीकारू देऊ नये.

गावापुढचे बाकीचे बदल दिवसाढवळ्या दिसतात. नदीवर वरच्या अंगाला १९३ मेगावॉटचे काम्चाय धरण २०११ मध्ये सुरू झाले, त्याने बांबू तोडून पोट भरणाऱ्यांचे जंगल गेले. किनाऱ्यावर भराव टाकून वसाहती आणि बंदरे आखली जात आहेत. देशातली सर्वात मोठी सागरी गवताची कुरणे याच उथळ पाण्यात आहेत, केपचे खेकडे तिथेच वाढतात. मेकाँगला समुद्राशी जोडणाऱ्या फुनान तेचो कालव्याचे काम ऑगस्ट २०२४ मध्ये मोठ्या समारंभाने सुरू करण्यात आले. त्याचा मार्ग काम्पोट प्रांतातून जातो. कालवा पूर्ण झाला तर सिहानुकव्हिलला गेलेला व्यापार काही अंशी या किनाऱ्यावर परत येईल. तेव्हा गावात रोजगार वाढेल, आणि नदीकाठच्या झोपडीचे भाडे आजचे राहणार नाही.

जायचे तर कधी आणि कसे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सुखाचे. मार्च-एप्रिलमध्ये उकाडा आणि मिठागरांवर लगबग. दुरियनसाठी मे ते जुलै. पावसाळा मे ते ऑक्टोबर, आणि बोकोरच्या पायथ्याशी तो आपल्या घाटमाथ्याच्या तोडीचा पडतो. मिरीची तोडणी वर्षाच्या पहिल्या चार-पाच महिन्यांत चालते, मळा पाहायचा तर तेव्हा.

भारतीयांना कंबोडियाचा ई-व्हिसा मिळतो. पर्यटक व्हिसा ३० दिवसांचा असतो आणि एकदाच महिनाभर वाढवून मिळतो. नॉम पेन्हहून काम्पोटला बस, मिनीबस आणि रेल्वे आहे. बॅकपॅकर मंडळींचा आवडता जमिनीवरचा मार्ग, म्हणजे बँकॉकहून किनाऱ्याने कोह कोंगमार्गे येणे, हा थायलंड-कंबोडिया संघर्षामुळे जून २०२५ मध्ये बंद झाला. त्यानंतर जुलैत आणि पुन्हा डिसेंबरात लढाई झाली. निघण्यापूर्वी सीमेची ताजी स्थिती पाहावी. व्हिएतनामच्या बाजूने हा तिएन इथली प्रेक चाक चौकी काम्पोटला जवळची आहे, पण त्या चौकीवर आपला व्हिसा चालतो का याची खात्री दोन्ही देशांच्या अधिकृत संकेतस्थळांवर करून घ्यावी.

व्यवहार डॉलर आणि रिएल अशा दोन्ही चलनांत चालतो. एका डॉलरला साधारण चार हजार रिएल, सुटे पैसे रिएलमध्ये मिळतात. फाटकी किंवा डाग पडलेली डॉलरची नोट कोणी घेत नाही. स्कूटर घेताना पासपोर्ट अनामत ठेवायला सांगतात, त्याऐवजी रोख अनामत किंवा छायाप्रत चालते का हे आधी विचारावे. परवान्याशिवाय चालवताना अपघात झाला तर प्रवास विमा कंपनी हात वर करते. शाकाहारींनी एक लक्षात ठेवावे. भाजी मागितली तरी तिच्यात मासळीचा रस किंवा प्राहोक हा आंबवलेल्या माशांचा लगदा पडतो, कारण त्याला तिथे मासे म्हणत नाहीत, चव म्हणतात. खाणावळीत शिरल्या शिरल्या सांगितले तर तो वगळून करून देतात.